मनोऱ्यावरून फसू नका

प्रश्न : पुण्याच्या कॅम्पातलं 'लाल देऊळ' बाहेरून हुबेहूब चर्च वाटलं. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओळखायचं कशावरून? – एक वाचक, म्हापसा

बाहेरून ओळखायला गेलात तर फसालच. सिनेगॉगचं बाहेरचं रूप कसं असावं, याला धर्माचं बंधन नाही. म्हणून त्या त्या शहरात जे चालतं तेच दिसतं. लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलं आणि १८६७ साली पुरं झालं. विटा लाल, कमानी टोकदार, मनोरा ९० फुटी. सगळा थाट त्या काळच्या इंग्रजी चर्चचा. उलट कोचीच्या मट्टंचेरीतलं १५६८ चं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग पाहा : चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर.

खरी खूण आत सापडते. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत, म्हणजे आपल्याकडे ढोबळमानाने पश्चिमेला, पडद्याआड एक कपाट असतं. त्याला हेखाल म्हणतात. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या त्यात ठेवतात आणि समोर अखंड दिवा टांगलेला असतो. मूर्ती नाही, संतांची चित्रं नाहीत. दिशेवरून मात्र अनुमान काढू नका : आपला देवही बहुधा पूर्वाभिमुख असतो, म्हणजे भक्ताचं तोंड पश्चिमेलाच.

दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते. चर्चमध्ये सगळे बाक आल्ताराकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड करून असतात. इथे दालनाच्या मधोमध कठड्याचं व्यासपीठ असतं, तोराचं वाचन तिथून होतं, आणि जुन्या सिनेगॉगांत बाक बहुधा त्याच्याभोवती मांडलेले असतात. वर स्त्रियांसाठी सज्जा. केरळच्या सिनेगॉगांत तर या सज्जातही वाचनासाठी दुसरं व्यासपीठ असतं, ते इतरत्र दिसत नाही. कोचीला गेलात तर खालची फरशीही नीट बघा : चिनी, निळी-पांढरी, हाताने रंगवलेली. शेजारशेजारच्या दोन फरश्यांतली झाडं ताडून पाहिलीत की ब्रशचा फरक कळतो. शनिवारी जाऊ नका, बंद असतं.

प्रश्न : गोव्यात जुनं सिनेगॉग का नाही? – एक वाचक, फोंडा

इन्क्विझिशनमुळे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयामुळे. १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडली तर, ते इथे चालू होतं. छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याचा संशयसुद्धा पुरे होता. पणजीतल्या बागेला ज्यांचं नाव आहे ते वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले, आणि ते छुपे ज्यू होते असं ठरवून १५८० साली त्यांची हाडं उकरून जाळली.

प्रश्न : मुंबईत काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग पाहून आमच्या जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराला निळा प्लास्टिक पेंट दिला. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले. का? – एक वाचक, फोंताइन्यश, पणजी

ते केनेसेथ एलियाहू, १८८४ चं. २०१९ साली त्याचं जतनकाम पुरं झालं. आता तुमची भिंत. चिरा सच्छिद्र, जमिनीतलं पाणी वर ओढणारा. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर सोडतो. प्लास्टिक पेंट वाट अडवतो. मग पाण्याबरोबर आलेले क्षार थराखाली साचून स्फटिक होतात आणि रंग ढकलून देतात. खाली सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आणखी वर चढते. तेव्हा नुसता रंग खरवडून भागणार नाही.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेंट आणि सिमेंट ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर ते परत आत जातात. भिंत सुकायला निदान दोन महिने द्या. मग मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली नदीची वाळू तीन भाग असा गिलावा करा. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठच असतं.

रंगासाठी चुना दुधाइतका पातळ करा. निळ्यासाठी अल्ट्रामरिन, म्हणजे जुनी पुडीतली नीळ, चुन्यात टिकते. प्रशियन निळा चुन्यात उडतो आणि बाटलीतली नीळ कपड्यांसाठीच ठेवा. नीळ चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको, नाहीतर हाताला लागते. प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर करा, एक दिवस सोडून पुढचा हात, असे चार-पाच. भर उन्हात लावलात तर चुना धरण्याआधीच सुकतो आणि पिठासारखा झडतो. पश्चिमेची भिंत सकाळी उरका. ओला असताना रंग गडद दिसतो, म्हणून छटा ठरवायच्या आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारून पूर्ण सुकू द्या.