सगळं सलाईनमधून चालू आहे, मग एक मिली दूध कशाला?

बाळ ३० आठवड्यांचं, वजन १२०० ग्रॅम. पोषण शिरेतून चालू आहे, तरी दर दोन तासांनी नळीने १ मिली दूध देतात. एवढंसं काहून देतात? – एक वडील, मानेवाडा

ते पोट भरायला नाहीच. १२ वेळा १ मिली म्हणजे किलोमागे दिवसाला १० मिली. शिरेतून ग्लुकोज, अमिनो आम्लं, चरबी मिळते आणि बाळाचं वजनही वाढतं. पण आतड्याचं अस्तर बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या दुधातूनच घेतं. शिवाय दूध पोचलं की गॅस्ट्रिन, जीएलपी-२ अशी संप्रेरकं स्रवतात. आतड्याला वाढीचा आणि हालचालीचा इशारा त्यांच्याकडून मिळतो. दूधच नसेल तर अस्तर पातळ होतं, रसांकुर (अस्तरावरचे अन्न शोषणारे बारीक बोटांसारखे उंचवटे) आखूड होतात.

मात्र एक मिलीने आतडं धष्टपुष्ट होत नाही. डुकराच्या नवजात पिल्लांवरच्या प्रयोगांत निम्म्याच्या आसपास पोषण तोंडावाटे गेल्यावरच अस्तर नीट वाढलेलं दिसलं. बाळ म्हणजे पिल्लू नव्हे, हे मान्य. पण रोख स्पष्ट आहे. आत्ताचे थेंब आतड्याला जागं ठेवतात, खरी वाढ दूध वाढवत नेल्यावर होते. म्हणून रोज विचारायचं ते हेच: आज दूध किती वाढवलं?

नळीपेक्षा अंगावर पाजलेलं जास्त लागू पडतं ना? – हिंगणा

आतड्याला दूध पोचल्याशी मतलब. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळीच बरी. दूध कोणाचं, हे मात्र महत्त्वाचं. पावडरच्या दुधावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार जास्त दिसतो. आईचं काढलेलं दूध पहिलं, ते नसेल तर दूधपेढीचं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली.

पोट फुगलं म्हणून दूध बंद केलंय. आतडं मागं पडेल? – सदर

थोडंफार. पण हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट ताठ असेल तर थांबवणंच योग्य. त्या काळातही दूध काढत राहा ताई, नाहीतर ते आटेल.

सासूबाई म्हणतात, चीक फेका आणि मध चाटवा. – कामठी

दोन्ही नको. चिकात आयजीए प्रतिपिंडं आणि वाढीचे घटक भरपूर असतात. मधातून बॉट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडण्याच्या आजाराचा) धोका असतो. वर्षभर मधाचं बोटही नको. सासूबाईंना बाळाच्या डॉक्टरांशी थेट बोलू द्या, सुनेने सांगून सहसा भागत नाही.