ओव्हनचा बल्ब बदलताना

भाऊ, पहिले प्लग काढ, अन् प्लग ओव्हनच्या मागे अडकला असेल तर सरळ एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा सर्किटचा स्विच) पाड, नुसतं बटण बंद करून आत हात घालू नको. ओव्हन पूर्ण थंड होऊ दे, नागपूरच्या मे महिन्यात त्याला जास्तच वेळ लागते. मग बल्बवरची काचेची टोपी डावीकडे फिरव. तेलकटपणानं ती बहुतेक जाम होते, तेव्हा पेचकसानं ठोकू नको, सुका जाड कपडा धरून हळूहळू फिरव, काच फुटली तर हात कापते नं. जुना बल्ब सोबत घेऊनच सीताबर्डीच्या बाजारात जाजो, कारण कुठे 'ई १४' नावाचा आट्यांचा लागते तर कुठे 'जी ९' नावाचा पिनांचा, आणि नव्यावर 300 डिग्री लिहिलेलं पायजेच, घरातला साधा एलईडी त्या गरमीत टिकतच नाही. हॅलोजन असला तर कागदानं धर, उघड्या बोटाचं तेल काचेला लागलं की तिथेच जास्त तापून तो लवकर जाते. टोपी परत बसवल्याशिवाय ओव्हन लावू नको. अन् हा मायक्रोवेव्ह असेल तर खोलूच नको, त्यात प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहू शकते, मेकॅनिकलाच बोलाव.