‘भाकरीच खाते, तरी शुगर का उतरंना?’

“साखर सोडली, भात सोडला. ज्वारीची भाकरीच खाते. तरी शुगर उतरंना. मग पथ्य तरी कशाला करायचं ओ मॅडम?”

अक्का खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या पुढं, घर सोलापूरच्या पूर्व भागात, काम विड्या वळायचं. सोबत सूनबाई. हातातल्या रिपोर्टवर एचबीएवनसी ८.६. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो. ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात आणि तो असलेल्या बहुतेकांना डॉक्टर ७ च्या आत राहायला सांगतात.

आहारतज्ज्ञ म्हणून पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. मी त्यांना छापील तक्ता दिला: ओट्स, सॅलड, ग्रीन टी. पंधरा दिवसांनी तोच कागद त्यांच्या पिशवीत कडक भाकऱ्यांच्या खाली घडी घालून ठेवलेला दिसला. चुरा पडू नये म्हणून. तक्त्याचा तेवढाच उपयोग झाला आणि मला धागाही तिथंच सापडला.

“ह्या कशाला?”
“विड्या वळताना तोंडात टाकायला. भाकरीच आहे की!”

सोलापुरात ज्वारी म्हणजे पथ्य, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. मंगळवेढ्याची ज्वारी खाऊन वाढलेल्या माणसाला ज्वारीनं साखर वाढते म्हटलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढेल. ज्वारी चांगलीच आहे, मैद्यापेक्षा तर कितीतरी. पण शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर ३५ ग्रॅम झाली. त्यात कडक भाकरी फसवी. वाळवताना पाणी उडून जातं, पीठ तेवढंच राहतं. हाताला हलकी लागते, पोटालाही हलकीच वाटते, म्हणून हिशेबात धरली जात नाही.

मी म्हटलं, “अक्का, काही कमी करू नका. फक्त सकाळी एका डब्यात तुकडे भरा आणि दिवसभर त्यातूनच खा.” दुपारी दोनलाच डबा रिकामा झाला. अक्कांनी तो गुपचूप परत भरला. सूनबाईनं ते मला सांगितलं म्हणून तिच्यावर चिडल्याही. सगळे तुकडे जुळवून पाहिले तर अडीच भाकऱ्या भरल्या. दोन्ही जेवणांतल्या चार वेगळ्या.

शेंगाचटणी मात्र निर्दोष सुटली. शेंगदाण्यानं साखर फारशी चढत नाही, तेलापुरता हात आवरायचा. खरी गुन्हेगार चहाच्या कपात होती. साखर सोडून अक्कांनी गूळ धरला होता. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे. म्हणजे दिवसाला पन्नासेक ग्रॅम. गूळ रंगानं वेगळा, रक्तात गेल्यावर साखरच.

सोमवारचा विषय सूनबाईनंच काढला. सिद्धरामेश्वराचा उपवास, त्याला साबुदाण्याची खिचडी, आणि “रिकाम्या पोटी कशाला” म्हणून गोळीला सुट्टी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. सांगून कुणी सोडतही नाही, फक्त आपल्यापासून लपवायला लागतात. खिचडीच्या जागी ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे आणि छोटी वाटीभर भगर ठरली. गोळीचं मात्र मी काहीच ठरवलं नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं. उपवासाला कुठली गोळी कधी घ्यायची हे त्यांनीच सांगायचं. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय कापतात. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, तेव्हा पथ्य आठवायचं नाही, हेही मी बजावलं.

आता राहिलं बसणं. मांडीवर सूप, एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू, हजार विड्या होईपर्यंत मांडी मोडायची नाही. “सकाळी फिरायला जा” हे त्यांना सांगणं म्हणजे थट्टाच. मजुरी हजारावर मिळते. मग त्यांच्याच हिशेबात बसवलं: शंभर विड्या झाल्या की उठायचं, अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या, कारण स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात. चालताना पायात चप्पल हवीच. मधुमेहात तळपायाला खडा टोचलेला कित्येकदा कळत नाही.

ताटात एवढाच बदल केला: आधी मटकीची उसळ आणि मेथी, शेपू, दोडका अशी भाजी पोटभर, मग एक भाकरी. चहा दोन कप, बिनगुळाचा. पहिल्या आठवड्यात त्यावरून घरात भांडण झालं म्हणे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, ७.४. यात रोज वेळेवर घेतलेल्या गोळीचा वाटा मोठा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. अक्कांचा पहिला प्रश्न अर्थात, “मग गोळी बंद?”

“डॉक्टर काय म्हणाले?”
“चालू ठेवा म्हणाले.”
“मग झालं तर.”

त्या जरा हिरमुसल्या. मग पिशवीतून तोच स्टीलचा डबा काढून त्यांनी झाकण उघडलं. “आजचे सहा तुकडे. दोन खाल्ले, दोन संध्याकाळला. हे दोन तुमचे. चटणी पण आणलीय.”

माझ्या जेवणाची वेळ टळून गेली होती. मी दोन्ही खाल्ले.