पांडुरंग छत्री विसरला

मखमलाबाद, नाशिक
पौष शुद्ध दशमी

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अंबडच्या कंपनीत डबा उघडला की पोरं ओरडतात, "माऊली आले, अंडी झाका!" त्यात सात महिने भरले म्हणून कंत्राटदारानं ब्रेक देऊन घरी बसवलंय, आणि भाऊ विचारतो, एवढा हरिपाठ करून काय मिळालं? माळ काढून ठेवू का, असं विचारलंयस.

२०१४ च्या मार्चमधली गारपीट तुला आठवत नसेल. माझी थॉमसन द्राक्षांची बाग आठ दिवसांत तोडणीला येणार होती. गारा थांबल्यावर आत गेलो, तर मांडवाखाली पांढरा थर आणि त्यात फुटलेले मणी. पायाखाली चिकचिक, आणि सगळीकडे रसाचा गोड वास. तो वास मला अजून सहन होत नाही. सौदा केलेल्या व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी पारावर एकानं हाक मारली, "काय बुवा, पांडुरंग छत्री विसरला वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र हरिपाठाला बसलो नाही. अकरा दिवस.

बाराव्या संध्याकाळी तुझी काकू एकटीच म्हणायला बसली. रोज मी पुढे म्हणायचो, ती मागे. त्यामुळे मधलीच एक ओळ तिला येईना. अडली, मागे गेली, पुन्हा तिथंच अडली. मी ओट्यावरूनच ओळ सांगितली. पुढच्या अभंगात परत तेच. शेवटी उठलो, टाळ घेतले आणि आत जाऊन बसलो. एवढंच झालं. सोसायटीचं कर्ज फिटायला पुढं चार वर्षं गेली. हरिपाठ म्हणजे काही पीकविम्याचा हप्ता नव्हे, हे मला तेव्हा कळलं, पन्नाशी उलटल्यावर.

तुला वाईट वाटतंय, त्यात कमीपणा नाही. त्र्यंबकला ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांना आणि भावंडांना लोक 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवत. ज्ञानोबा चिडून ताटी लावून बसले, आणि बाहेरून समजूत काढली ती धाकट्या मुक्ताईनं. ज्ञानोबांनाही लागलं, तर तुझं-माझं काय!

पण टोचून बोलणारा प्रत्येक जण चेष्टाच करत असतो असं नाही. मशीन सोडून तू एकादशीचा फराळ करत बसलास आणि सुपरवायझर बोलला, तर ते देवाला नाही, तुला आहे. आणि २ मार्च १९३० ला काळारामाच्या दाराशी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार लावून आत बसलेलेही स्वतःला भक्तच म्हणवत होते. दार उघडलं नाही. १९३५ ला बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्म सोडायचं जाहीर केलं. त्या बाहेर राहिलेल्यांच्या घरातला कुणी तुझी माळ बघून कडू बोलला, तर उत्तर देऊ नकोस. ऐकून घे.

बाकीच्यांशीही डब्याच्या वेळी वाद नको. अंडी झाकायला लावू नकोस, शेजारी बसून आपली भाजी-भाकरी खा. माळ तुझ्या गळ्यात आहे, काढायची तर काढ; पण पोरं हसतात म्हणून काढणार असशील, तर उद्या ती तुझ्या चपलेलाही हसतील.

भावाचं म्हणशील तर त्याला पोट दिसतंय, आणि ते चूक नाही. घरी रिकामा बसू नकोस. इथं घडांना पेपर लावायचं काम चालू आहे, माणसं मिळत नाहीत. रोज मिळेल, काकूच्या हातची भाकरी मिळेल. वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा आहे, दशमीला पहाटे इथूनच चालत निघू. त्र्यंबकला रात्री थंडी हाडात शिरते. घोंगडी घेऊन ये, माझ्याकडे एकच आहे.

तुझा काका