'सेट'ची यादी करत बसू नकोस

अरे, तू 'सेट' (set) या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ वहीत उतरवायला घेतलेस म्हणे! थांब जरा. 1989 च्या ऑक्सफर्ड कोशात या एका शब्दाच्या 430 अर्थछटा दिल्यात. वही संपेल, सेट संपायचा नाही.

त्यापेक्षा शेजारचा शब्द बघ. सूर्य असला तर मावळतो, दही असलं तर लागतं, खडा जडवतात, मोडलेलं हाड बसवतात, तारीख ठरवतात, सापळा लावतात. इंग्रजीत सगळीकडे सेटच. मी सुरुवातीला एका भाषांतरात सिमेंट 'स्थापित' केलं होतं. खानापूरचा गवंडी हसून म्हणाला, "घट्ट झालं म्हणा की!"

आपल्याला यात नवल वाटायला नको खरं तर. आपण दिवा लावतो, तेल लावतो, रोप लावतो, शाळेत नावसुद्धा लावतो. बेळगावात घराबाहेर पडलं की कानडीत दिव्याला आणि तेलाला दोन्हीकडे 'हच्चु' ऐकू येतंच. तोच कान इंग्रजीला लाव.

समानार्थी शब्दांचं मात्र जपून. कप कसाही ठेवला तर पुट, नेमक्या जागी ठेवला तर प्लेस, आडवी वस्तू असली तर ले. कोशात तिघं शेजारी असले तरी वाक्यात एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही.

आणि मागचं शेपूट वाच आधी: सेट ऑफ म्हणजे निघणं, सेट अप म्हणजे उभारणं, सेट इन म्हणजे जूनमधल्या आपल्या पावसासारखं मुक्काम ठोकणं.