वस्तीतल्या मुलांसाठी दर रविवारी दोन तास देऊ शकतो, पण खर्चाला फारसे पैसे नाहीत. काय करता येईल?

वह्या-दप्तरं वाटणारे जूनमध्ये बरेच येतात, ते सोडा. काडेपेट्या आणि सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेऊन जा. काड्यांचा गूल आधी घरीच खरवडून टाका, नळीचे छोटे तुकडे कापा आणि त्यांनी काड्या जोडायला द्या. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. विजेच्या मनोऱ्यांत इतके त्रिकोण का असतात, हे मग मुलंच शोधतात. तुम्ही सांगायची घाई करू नका! ही करामत खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी कितीतरी खेळणी केली. त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, मराठीतही.

वाचनाचं म्हणाल तर प्रत्येकाला आधी पहिलीच्या पातळीचा उतारा वाचायला द्या. अडखळला तर शब्द, तेही जमेना तर अक्षरं. मुलांच्या शिक्षणावर काम करणारी ‘प्रथम’ संस्था असंच करते, गट इयत्तेवरून नाही, वाचता किती येतं त्यावरून. सातवीतलं पोर चौथीतल्यांबरोबर बसायला लाजतं, हे खरं. त्याच्याकडे चित्रांवरून गोष्ट रचायचं काम द्या. जागेसाठी समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते ते विचारा.