देवळालीचं ‘डूलॅली’ झालं, त्याची गोष्ट (जुने ब्रिटिश विनोदवीर बघावेत का?)

लीड्सला नव्याने आलेल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले वयस्क सहकारी जेवणाच्या सुट्टीत सत्तरच्या दशकातल्या टीव्ही विनोदवीरांची वाक्यं फेकतात, सगळे खिदळतात, आपण नुसतं हसल्यासारखं करायचं. म्हणून घरी एक जुना कार्यक्रम लावला, तर दुसऱ्याच मिनिटाला गोरा माणूस तोंडाला रंग फासून हिंदुस्थानी म्हणून उभा. हे लोक खरंच मोठे होते की नुसतेच वाह्यात? आणि बारा वर्षांच्या मुलीबरोबर यातलं काय बघता येईल?

वर एकाने लिहिलंय, ‘काळच तसा होता, मनावर घेऊ नका.’ दुसऱ्याने लिहिलंय, ‘सगळं कचऱ्यात टाका.’ मला दोन्ही पटत नाही. पहिलं तर जास्तच पटत नाही, आणि का ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

मी देवळाली कॅम्पचा. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या आधीचं स्टेशन. १९७९ साली इंग्लंडात आलो. पहिल्या नोकरीत कुठून आलास म्हणून विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं आणि अख्खी खोली हसायला लागली. मला वाटलं आपला उच्चार चुकला. मग कळलं की इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. कॅम्पात मायदेशी परतायची वाट बघणाऱ्या गोऱ्या सोल्जरांचा तळ असायचा. बोटी ठरावीक महिन्यांतच सुटायच्या, तोवर काम नाही, ऊन, दारू, मलेरिया. माणसं भ्रमिष्ट व्हायची. पूर्ण शब्द होता ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आमच्या गावाचा ताप इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसलाय.

आणि याच देवळालीवर बीबीसीची मालिका होती, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. १९७४ ते १९८१, ५६ भाग. तुम्ही जे दोन मिनिटांत बंद केलंत ते बहुधा हेच. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः महायुद्धाच्या वेळी देवळालीला तोफखान्याच्या करमणूक पथकात होता, त्यामुळे मालिकेतलं पथक त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. विंडसर डेव्हिसचा बॅटरी सार्जंट मेजर मिशा फिस्कारून ओरडतो, त्याला या नाटक्या पोरांना लढाईवर पाठवायचंय, पोरांना कसंही करून स्टेजवरच राहायचंय. सगळ्या मालिकेचं इंजिन एवढंच. त्यात डेव्हिस आणि बुटका डॉन एस्टेल यांनी गायलेलं गाणं १९७५ मध्ये विक्रीच्या यादीत पहिलं आलं होतं.

मी ती घरमालकिणीच्या दिवाणखान्यात बघितली. १९८० सालचे भाग असतील. माझ्या गावाची गोष्ट म्हणून तिने मुद्दाम हाक मारून बसवलं. कॅम्पातला एकही रस्ता ओळखू येईना, कारण चित्रण सगळं इंग्लंडातलं. पण चहावाला आला आणि मी सावरून बसलो. चहावाला मुहम्मद म्हणजे डिनो शफीक, ढाक्याचा. शेवटी श्रेयनामावली चालू असताना तो साम्राज्याच्या गौरवाचं गाणं गात असतो आणि पडद्यामागून सार्जंट मेजर खेकसतो, ‘शट अप!’ मला ते फार आवडलं होतं. साम्राज्याची आरती चहावाला म्हणतोय आणि साम्राज्यच त्याला गप्प करतंय! पेरीने हे जाणून लिहिलं होतं की नुसतं हशासाठी, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता रंगी राम. पथकाचा मुख्य बेअरर, जो स्वतःला इंग्रजच समजतो आणि इतर देशी नोकरांवर डाफरतो. ही भूमिका केली मायकेल बेट्सने, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. बेट्स झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी बोलणारा. नट म्हणून उत्तम. साहेबाची नक्कल करता करता साहेब होऊन बसलेला माणूस त्याने नेमका पकडलाय, असे लोक मी कॅम्पात पाहिलेत. पुढे क्रॉफ्टचं म्हणणं असायचं की त्या वेळी इंग्लंडात या भूमिकेला योग्य हिंदुस्थानी नट मिळत नव्हता. इथे मी थांबतो. झिया मोहिउद्दीनने १९६० मध्येच लंडनच्या रंगभूमीवर ‘अ पॅसेज टू इंडिया’मधल्या डॉक्टर अझीझची मुख्य भूमिका गाजवली होती. नट होते. हसवणारी मोठी भूमिका त्यांना द्यावी असं कुणाला वाटलं नव्हतं. रंग लावला याच्यापेक्षा मला हे जास्त टोचतं. चहा द्यायचं आणि पंखा ओढायचं काम शफीक आणि बाबर भट्टी यांच्याकडे, आणि मोठी भूमिका बेट्सकडे. गंमत म्हणजे १९७८ मध्ये बेट्स वारला तेव्हा ती भूमिका दुसऱ्या कुणालाच दिली नाही. मालिका आणखी तीन वर्षं रंगी रामशिवाय चालली.

बीबीसी आज ही मालिका पुन्हा दाखवत नाही. पेरी–क्रॉफ्ट जोडीचीच ‘डॅड्स आर्मी’ मात्र अजून लागते. पेरीला शेवटपर्यंत याचा राग होता, कारण ही आपली सर्वांत विनोदी मालिका असं तो मानायचा.

मग ‘काळ तसा होता’ यात चूक काय? तारखा बघा. चेहरे काळे करून गाणारा ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर १९५८ पासून चालू होता. तो बंद करा असा अर्ज वंशभेदविरोधी चळवळीने बीबीसीकडे १९६७ मध्ये दिला, गोऱ्यांच्याही सह्या होत्या. कार्यक्रम थांबला १९७८ मध्ये. म्हणजे त्या काळात सगळ्यांना ते चालत होतं असं नाही. ज्यांना चालत नव्हतं त्यांचं अकरा वर्षं कुणी ऐकलं नाही. लेनी हेन्री हा काळा मुलगा सोळाव्या वर्षी टीव्हीवरची स्पर्धा जिंकला आणि नंतर काही वर्षं याच मिन्स्ट्रेल मंडळींच्या रंगमंचीय दौऱ्यात त्याला काम करावं लागलं. रंग फासलेल्या गोऱ्यांच्या मध्ये एकटा खराखुरा काळा. त्याची खंत त्याने पुढे उघड बोलून दाखवली आहे.

स्पाइक मिलिगनशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. आपल्या नगरचा! १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वडील ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात, बालपण पुण्यात, मग रंगून, आणि इंग्लंडला पोचला तो पोरवयात. १९५० च्या दशकात रेडिओवर ‘गून शो’ मुख्यत्वे त्यानेच लिहिला आणि इंग्रजी विनोदाची घडीच मोडली. तर्क सुरू होतो, मध्येच भलत्या बोळात शिरतो आणि परत येतच नाही. १९६९ च्या सुरुवातीला त्याचा टीव्हीवरचा ‘क्यू फाइव्ह’ आला. माँटी पायथन ही विनोदी मंडळी त्याच वर्षी काही महिन्यांनी टीव्हीवर आली, तेव्हा आपल्याला करायचं होतं ते स्पाइकने आधीच करून टाकलंय हे त्यांनीच कबूल केलंय.

आणि हाच माणूस त्याच वर्षी चेहऱ्याला रंग लावून ‘करी अँड चिप्स’मध्ये अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार होऊन आला. लेखक जॉनी स्पाइट. हेतू म्हणे कारखान्यातल्या गोऱ्या कामगारांचा वंशद्वेष उघडा पाडण्याचा. पण शिव्या इतक्या आणि अशा, की पडद्यावर कोण कुणाला हसतंय हे कळेनासं व्हावं. खासगी वाहिन्यांच्या नियामक मंडळाने सहा भागांत ती बंद करायला लावली. हेही १९६९ सालीच, बरं का. मिलिगनने यातून बोध घेतला असेल म्हणाल, तर १९७५ मध्ये त्याने तशाच धर्तीची दुसरी मालिका केली. बीबीसीने एकच भाग दाखवला आणि बाकीचे कपाटात ठेवले.

मला हा माणूस विलक्षण आवडतो आणि त्याच्या या गोष्टींचा संताप येतो. पुण्यात वाढलेल्या या पोराच्या कानात आपली बोली पक्की बसलेली होती. ‘गून शो’त तो आणि पीटर सेलर्स लालकाका आणि बॅनर्जी म्हणून दोन हिंदुस्थानी पात्रं करायचे. त्यात मला जिव्हाळाही ऐकू येतो. रेडिओवर रंग लावावा लागत नाही म्हणून तसं वाटतं का, कोण जाणे. पण १९६९ मध्ये ब्रॅडफर्डच्या शाळेत ज्या मुलाला दुसऱ्या दिवशी तीच शिवी ऐकावी लागली असेल, त्याला मिलिगनचं बालपण समजावून सांगायला कोण जाणार होतं?

याच स्पाइटचा ‘टिल डेथ अस डू पार्ट’ही असाच हातातून निसटला. आल्फ गार्नेट हा तोंडाळ वंशद्वेष्टा म्हातारा लोकांनी हसण्यावारी न्यावा म्हणून लिहिलेला. करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू. पण पुष्कळ प्रेक्षक म्हणू लागले, ‘बरोबर बोलतोय की तो!’ उपहासाला कुंपण लागतं. दिवाणखान्यात ते घालता येत नाही.

कामगारांच्या क्लबांतून पुढे आलेल्या विनोदवीरांचं बोलायचं तर बर्नार्ड मॅनिंगवर मी शब्द खर्च करणार नाही. १९९५ मध्ये पोलिसांच्या एका मेजवानीत भर सभेत एका काळ्या अधिकाऱ्याला लक्ष्य करताना तो छुप्या कॅमेऱ्यात सापडला, ते पुरे. त्याच्याच पिढीतला चार्ली विल्यम्स मात्र शोधा. काळा, खाणीत काम केलेला, डॉनकास्टरकडून फुटबॉल खेळलेला, बोली अस्सल यॉर्कशायरची. प्रेक्षक गडबड करू लागले की म्हणायचा, गप्प बसा, नाहीतर तुमच्या शेजारी राहायला येईन. पुढच्या पिढीने त्याच्यावर टीका केली की गोऱ्यांना हवं तेच त्यांना दिलं. टीका खरी आहे. पण १९७१ मध्ये त्या स्टेजवर एकट्याने उभं राहायची हिंमत माझ्यात तरी नसती.

बेनी हिल. भारतातही लोक त्याला ओळखतात, कारण त्याला भाषा लागत नाही. पाठलाग, भरभर पळणारी चित्रं, ती सॅक्सोफोनची धून. थेम्स टेलिव्हिजनने १९८९ मध्ये त्याला काढलं, १९९२ मध्ये तो आपल्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर खुर्चीत मेलेला सापडला. त्याचे चाहते सांगतात की पाठलागात बायका त्याच्या मागे लागलेल्या असतात, तो पळत असतो. असेल, पण कॅमेरा कुठे बघतोय ते पाहा ना. मूकपटाच्या शैलीची त्याची जाण पक्की होती आणि तीच तीच चड्डी-बनियनची गंमत वीस वर्षं विकली हेही खरं. मला तो कंटाळवाणा वाटतो, आणि विनोदवीराबद्दल याहून वाईट मी काही म्हणू शकत नाही.

आता तुमच्या मुलीचं. मोरकॅम आणि वाइज या जोडीपासून सुरुवात करा. १९७१ चा नाताळचा कार्यक्रम, आंद्रे प्रेव्हिन वाद्यवृंद घेऊन उभा आणि एरिक मोरकॅम ग्रीगचा कन्चेर्टो पियानोवर बडवतोय. प्रेव्हिन म्हणतो सगळे सूर चुकतायत. एरिक त्याची कॉलर धरून बजावतो, सूर सगळे बरोबरच आहेत, फक्त त्याच क्रमाने असतील असं नाही. इथे कुणालाही कमी लेखलं जात नाही. जगातला नामांकित संगीतकार आणि हा अडाणी, दोघेही आपापल्या जागी ताठ. एडी ब्रेबनचं लेखन असं होतं की भांडणातही मैत्री दिसावी. तुमच्या ऑफिसातली निम्मी वाक्यं इथली निघतील.

मग ‘टू रॉनीज’ या जोडीचं हार्डवेअरच्या दुकानातलं प्रहसन, १९७६ चं. गिऱ्हाईक मागतो ते दुकानदाराला ऐकू येतं ‘फोर कँडल्स’. तो चार मेणबत्त्या काढून देतो. गिऱ्हाइकाला हवे असतात फोर्कचे हँडल्स, बागेतल्या काटेखोऱ्याचे दांडे, पण त्याच्या बोलीत ‘ह’ गिळला जातो. मुलगी इथल्या शाळेत जाते, तिला तुमच्या आधी कळेल. टॉमी कूपरही दाखवा, लाल तुर्की टोपी घालून जादू मुद्दाम फसवणारा. १५ एप्रिल १९८४ ला थेट प्रक्षेपणात तो स्टेजवर कोसळून गेला आणि हीही गंमतच समजून प्रेक्षक हसत राहिले. ती चित्रफीत मात्र शोधू नका.

परदेशी प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गावरचं ‘माइंड युवर लँग्वेज’ तुम्ही पाहिलेलं असेलच. आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर त्याचंच ‘जबान सँभाल के’ झालं. तो चहावाला शफीकच त्यात अली होता. तिथल्या रणजित सिंगला आपण भारतात खुशाल हसलो, आणि लंडन वीकेंड या टीव्ही कंपनीच्या मायकेल ग्रेडला तेच खटकलं म्हणून त्याने मालिका बंद केली. यावर भांडायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, मी येतो.

सगळ्यात शेवटी ‘गुडनेस ग्रेशस मी’ ठेवा, १९९८ चं. हे नाव पीटर सेलर्सने १९६० मध्ये हिंदुस्थानी डॉक्टर बनून सोफिया लोरेनबरोबर गायलेल्या गाण्याचं. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया यांनी ते उचललं आणि भांगड्याच्या ठेक्यावर शीर्षकगीत केलं. त्यातलं मुंबईकरांचं टोळकं रात्री इंग्लिश हॉटेलात जेवायला जातं आणि वेटरला विचारतं, तुमच्याकडे सगळ्यात बेचव काय आहे?

सबटायटल्स लावून बघा, मी अजूनही लावतो. आणि ऑफिसात कुणी कुणाला डूलॅली म्हणालं की फोनवर नकाशा उघडून त्यांना आमचा लॅम रोड दाखवा.